शकूनं निवडलेला आवाज

फोन आला तेव्हा शकू माझ्या कानात बोलत होती. हेडफोन लावून मी आमच्या पॉडकास्टचा पुढचा भाग साफ करत बसले होते. साफ करणं म्हणजे मधले खोकले, खुर्चीची करकर, उगाचचं 'अं... अं...' कापून टाकणं. हे काम माझ्याकडे होतं. एका निवृत्त लाइनमनच्या मुलाची मुलाखत होती ती. तो काहीतरी बोलला आणि शकू इतकी खळखळून हसली होती की त्याचं पुढचं वाक्य त्यात बुडून गेलं होतं. हे हसू किती ठेवायचं आणि किती कापायचं, ते ठरत नव्हतं म्हणून मी तेवढाच तुकडा परत परत ऐकत होते. तेवढ्यात फोन थरथरला. प्रकाशभाऊजी, शकूचे यजमान. त्यांचा फोन मला सहसा येत नाही... मी एका बाजूचा हेडफोन काढला. एका कानात तिचं हसू चालू होतं आणि दुसऱ्या कानात भाऊजी सांगत होते, "मीनाताई, शकू गेली. चहा ठेवता ठेवता खाली बसली. दवाखान्यात नेलं, पण काही राहिलं नव्हतं."

ते हसू मी कापलं नाही. तो भाग अजून तसाच पडून आहे.

त्याला आता काही आठवडे झाले. शकूबद्दल लिहायचं म्हणून मी दोन-तीनदा बसले आणि उठले. कारण तिची आठवण आली की माझ्याकडे आधी दुःख येत नाही, लाज येते. ही लाज मुळात तिची होती. ती आयुष्यभर तिनं एकटीनं वागवली आणि शेवटच्या वर्षात थोडी माझ्या हातात दिली. ती कशी दिली, ते सांगायचं तर आमच्या पॉडकास्टच्या सुरुवातीला जी काही सेकंदांची खटखट वाजते, तिची गोष्ट सांगावी लागेल. पण त्याआधी कॉलेज.

मी धरमपेठेतली, डॉक्टरची मुलगी. शकुंतला कामठीहून बसनं यायची. पहिल्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी आम्ही चार-पाच मुली व्हरांड्यात उभ्या होतो. मी पहिल्यापासून आगाऊ, त्यामुळे ओळखी काढायचं काम माझ्याकडेच आलं. नाव विचारून झालं की मी लगेच विचारायची, "आणि तुझे बाबा काय करतात?" एकीचे वकील होते, एकीचे प्रोफेसर, एकीचे रेल्वेत. दुसरं काय विचारायचं असतं, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. शकूची पाळी आली. ती किंचित थांबली आणि म्हणाली, "मिलिटरीत." कामठीला छावणी आहे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. "अय्या, मग घरी बंदूक असते?" कुणीतरी विचारलं. "नाही, ते ऑफिसात असतात," शकू म्हणाली. एक एक शब्द जपून, पुस्तकातल्यासारखा बोलायची ती तेव्हा. 'मला', 'तुला', 'कशाला'. तिच्या तोंडून 'मले' मी पहिल्यांदा ऐकलं ते कितीतरी वर्षांनी.

सकाळची बस लवकरची, त्यामुळे तिचा डबा घरून निघताना तयार नसायचा. मग आठवड्यातून एखाद्या दिवशी एक गृहस्थ तो घेऊन यायचे. उंच, किडकिडीत, पांढरा पायजमा, वर चौकड्यांचा शर्ट. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या केसांत आणि भुवयांवर पिठासारखी बारीक पांढरी लव होती, म्हणून मला ते गिरणीवाले वाटले. ते व्हरांड्याच्या पायरीपाशी उभे राहिले आणि शकूकडे पाहून हसले. शकूचा चेहरा मला अजून दिसतो. ती पुढे झाली, डबा घेतला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "हे आमच्या शेजारचे काका."

त्या गृहस्थांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहून हात जोडले.

"हाव. मी गुलाब. यायच्या शेजारीच राहतो," ते म्हणाले. "गांधीबागेत सूत न्याले आलो होतो, तर यायच्या बाबानं डबा देला."

यायच्या, म्हणजे यांच्या. स्वतःच्या मुलीला त्यांनी तिथल्या तिथे आदरार्थी करून टाकलं. हे मला तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. मी "नमस्ते काका" म्हटलं आणि पुढे सगळी वर्षं त्यांना गुलाबकाकाच म्हणत राहिले. त्यांचा आवाज खूप हळू असायचा, कान देऊन ऐकावं लागे. शकू डबा संपवून धुवायला नळावर जायची, तेवढ्या वेळात ते माझ्याशी चार शब्द बोलायचे आणि रिकामा डबा घेऊन निघून जायचे. पहिल्या वेळेनंतर त्यांच्या भुवयांवर लव कधी दिसली नाही.

एकदा शकू आमच्या घरी आली होती. आईनं तिला आधी आडनाव विचारलं, नाव मागाहून. आडनाव ऐकून ती "अस्सं" म्हणाली. चहा सगळ्यांना एकसारख्या कपांतच आला, खोटं कशाला सांगू. पण एरवी माझ्या मैत्रिणींमध्ये येऊन गप्पा मारणारी आई त्या दिवशी आत बसून राहिली. शकूनं चहा घेतला आणि उठून मोरीत जाऊन आपला कप स्वतः धुऊन पालथा घातला. मला वाटलं, किती वळण आहे मुलीला! मी आईला ते कौतुकानं सांगितलंसुद्धा.

लग्न कामठीला झालं. आम्ही कॉलेजच्या तिघी गेलो होतो. मांडवात माईकवर एक जण नावं पुकारत होता. "वधूपिता दौलतरावजी यांना मंचावर येण्याची विनंती आहे." मी मिशीवाला, ताठ चालणारा कुणी फौजी येईल म्हणून पाहत होते आणि मंचाच्या पायऱ्या गुलाबकाका चढले. नवा कोरा शर्ट, छातीवर बिल्ला, त्यावर 'वधूपिता'. बाजूची मैत्रीण म्हणाली, "हे तर ते डबावाले." तिला पुढचं काही सुचलं नाही आणि मी तिला सुचू दिलं नाही, तिला जेवायला ओढून नेलं. पंगतीत ते वाढायला आले. माझ्यापुढे थांबले. मला काय म्हणावं कळेना. माझ्या तोंडून सवयीनं 'काका' गेलं आणि जीभ चावली. त्यांनी पानात बुंदी वाढली आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, "काका म्हटलं तरी चालते बेटी. पोट भरून जेव."

त्यानंतर पस्तीसेक वर्षं शकू आणि मी या विषयावर एक अक्षर बोललो नाही. मैत्री मात्र कुठे तुटली नाही. भाऊजी खापरखेड्याला वीज केंद्रात होते, ती तिथल्याच एका शाळेत शिकवायची. मी बँकेत. मुलांची लग्नं झाली, आजारपणं झाली, गावाला जाणं-येणं झालं. दौलतराव गेले तेव्हा मी कामठीला गेले होते. तिथेही ती माझ्याकडे पाहून फक्त "बाबा..." म्हणाली आणि मी तिचा हात धरून बसले. लग्नाच्या पंगतीत कळलेले त्यांचे कापड विणायचे लूम विकले गेले, जागा गेली. निवृत्तीनंतर शकू-भाऊजी शहरात बेश्याला फ्लॅट घेऊन राहायला आले आणि आमच्या भेटी पुन्हा कॉलेजसारख्या वाढल्या.

पॉडकास्ट ही तिची कल्पना. नावही तिचंच: 'आईबाप काय करायचे?' दर वेळी एका माणसाला बोलवायचं आणि त्याच्या आईवडिलांनी पोटासाठी काय काम केलं, तेवढंच विचारायचं. हमालाचा मुलगा, नर्सची मुलगी, संत्र्याच्या बागेत राखण करणाऱ्याचा नातू. मला कल्पना आवडली. हा प्रश्न तिनं कुठून उचलला होता, हे मात्र डोक्यात आलं नाही... कॉलेजच्या व्हरांड्यातला माझाच प्रश्न होता तो. तिनं तो इतकी वर्षं जपून ठेवला होता आणि आता त्यातला काटा काढून लोकांना विचारत होती. मी तिच्या बाजूला बसून "वा, छान विषय आहे" म्हणत होते.

पहिले भाग रेकॉर्ड झाले आणि सुरुवातीच्या संगीतावर आमचं अडलं. फुकट संगीत मिळतं अशा एका वेबसाइटवर आम्ही दुपारच्या दुपारी ऐकत बसायचो. आनंदी, प्रेरणादायी, भारतीय, असे तिथे कप्पे असतात. शकू एकेकाला उडवून लावायची. गिटारच्या उत्साही धूनला म्हणाली, "आता कोणीतरी सिमेंट विकाले येते पाय." सतार ऐकून म्हणाली, "हे हॉटेलात सूप पितानाचं आहे." बासरी लागली तेव्हा तिनं फक्त हात जोडले. शेवटी मीच एक उपाय काढला. मी लहानपणी पेटी शिकले होते. जुनी पेटी दुरुस्त करून आणली, दोन आठवडे बोटं घासली आणि छोटीशी धून बसवली. साधी, शांत, मला तरी सुरेख वाटणारी. फोनवर रेकॉर्ड करून बेश्याला घेऊन गेले. शकूनं डोळे मिटून ऐकली.

"छान आहे वं मीना," ती म्हणाली. "पण हे तुह्या घरातलं वाटते. आपला पाहुणा दारातच चप्पल काढून उभा राहील."

मला लागलं ते. मी चहाही न घेता निघाले आणि बरेच दिवस फोन केला नाही. रागात मनाशी म्हणत होते की माझं घर, माझं घर म्हणजे काय, मी कधी भेदभाव केला का... आणि म्हणता म्हणता तो पालथा घातलेला कप समोर आला. कप धुणं हे वळण नव्हतं. दुसऱ्या कुणी तो वेगळा धुण्याआधी तिनं स्वतः धुऊन टाकला होता. ही एवढी सोपी गोष्ट समजायला मला साठी गाठावी लागली.

मग तिचाच फोन आला.

"मीना, मले एक आवाज पाह्यजे. पण तुले सांगाची लाज वाटून राहिली."

"कसला आवाज?"

"लूमचा."

मी पेटी बाजूला सरकवली.

"माह्या बाबाच्या लूमचा," ती म्हणाली. "तुले माहीत आहे ना?"

"लग्नापासून."

"मलेबी माहीत होतं, का तुले माहीत आहे." ती म्हणाली. "पाय ना, दोघीबी मास्तरीण-मॅनेजर झालो, अन् कोणाच्याच तोंडून निघालं नाही."

दौलतरावांचे लूम केव्हाच भंगारात गेले होते. पण त्यांचा जोडीदार अजून होता, कामठीच्या बसमध्ये शकू सांगत होती. एकाच शेडमध्ये दोघांचे लूम होते, सूतही दोघं मिळून आणायचे. त्यांचं नाव गुलाबराव. हे नाव ऐकल्यावर मी शकूकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "हाव, तेच. बाबानं त्याहिचं नाव घेतलं होतं."

गुलाबराव ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले, पण डोळे तल्लख. जन्म लूमच्या आवाजात गेल्यामुळे कान जवळजवळ गेलेले आणि बोलणं सगळं ओरडून. शेडमध्ये आता पुतण्याच्या नव्या मशिनी होत्या. कोपऱ्यात एक जुना लूम मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता, अधूनमधून पंच्याचं कापड काढायचे. "जयभीम बेटी!" त्यांनी शकूला जवळ घेतलं. शकूनं माझी ओळख करून दिली. "काका, ही मीना. माह्या कॉलेजातली."

"कॉलेजातली?" म्हातारा खूश झाला. "म्हणजे माहं नाव घेऊन दौलत जिच्यापाशी येत होता, थेच का ही?"

शकू उभ्या जागी थिजली. तिच्या बाबांनी हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मुलाला नाही. पण मित्राला सांगितलं होतं, हे तिला आज कळत होतं, तेही माझ्यासमोर, अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात.

"पह्यल्या दिवशी आला न मले म्हणे, गुलाब, तुहं नाव उसनं घेतलं गा," म्हातारा हसत सांगत होता. "म्या म्हटलं, काहून? म्हणे, पोरीच्या कॉलेजात माहं नाव चालत नाही. तुहं चांगलं आहे, फुलाचं आहे."

"हासत होते का काका? सांगताना?" शकूनं विचारलं. तिला दोनदा विचारावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. एवढा नाजूक प्रश्न ओरडून विचारावा लागावा, याचं मला फार वाईट वाटलं.

गुलाबराव हसायचे थांबले. विचारात पडले. वाटलं, आता तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलतील. पण ते सरळ माणूस होते.

"हासून तर राहिला होता... पण त्या दिवशी जेवला नाही थो. डबा तसाच राह्यला. लूम चालू करून बसला, अन् सूत तुटलं थे त्याले दिसलंच नाही. येवढा मोठा पट्टा खराब गेला." त्यांनी हात पसरून दाखवलं. "मंग दुसऱ्या खेपेपासून ठीक झाला. जाच्या आंधी त्या तिथं नळावर तोंड धुवे, भुवया पुसे. मले इचारे, सुताची लव दिसते का गा?"

शकूनं मान हलवली. नळ जिथे होता तिकडे पाहिलं. आता तिथे नुसती भिंत होती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "काका, लूम चालू करता?"

लूमचा आवाज लांबून ऐकला तर नुसती खटखट वाटते. जवळून तसा नसतो. आडवं सूत नेणारा धोटा एका बाजूनं सुटतो, दुसऱ्या बाजूला आपटतो, पुन्हा फिरतो, आणि त्याच्या खाली मोटारीची एक सलग घरघर असते. चालू होताना तो अडखळतो, दोन-तीन ठोके लांब लांब पडतात, मग चाल पकडतो. आम्ही दोन्ही फोन धरून उभ्या होतो. शकूनं आपला फोन माझ्या हातात दिला आणि लूमच्या लाकडी चौकटीवर तळहात ठेवला. चौकट थरथरत होती, तिचा हातही. तिचे ओठ हललेले मला दिसले. ती काहीतरी बोलली, चांगली दोन-तीन वाक्यं... ती मला ऐकू आली नाहीत आणि फोनमध्येही आली नाहीत. काय म्हणालीस, असं मी कधी विचारलं नाही.

त्यातला चालू होतानाचा तुकडा आम्ही घेतला. आधी अडखळणं, मग चाल, मग मुलाखत. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी विचारलं, ही मालगाडी आहे का? शकूला त्याचं हसू यायचं. "सांग त्याहिले, हाव, मालगाडीच आहे," म्हणायची.

आणि मग एक दिवस तीच म्हणाली, "आता माही मुलाखत घे." मी समोर बसून तोच प्रश्न विचारला. तिनं सगळं सांगितलं, आपल्या बोलीत, कुठेही न सावरता. मिलिटरी, शेजारचे काका, न जेवलेला दिवस, भुवया पुसणं. "मले वाटे, मी त्याहिले लपवून राहिली," ती म्हणाली. "पण लपून तर थे राहिले होते. माह्यासाठी." इथे मला राहवलं नाही. मुलाखत घेणारीनं बोलायचं नसतं, तरी मी बोलले. तू डबा धुवायला जायचीस तेव्हा ते माझ्याशी काय बोलायचे, ते तुला सांगू?

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

ते म्हणायचे, "तिचा बाप लय बुजरा माणूस आहे बेटी. मले म्हणते, गुलाब, तू जा, तुले बोलता येते." एकदा म्हणाले, "तिचा बाप इचारून राहिला होता, पोरगी वर्गात पुढच्या बाकावर बसते का मांगच्या?" मी सांगितलं, पुढच्या, माझ्याशेजारी. ते म्हणाले, "सांगतो मंग त्याले. खुश होईल." आणि परीक्षेचा निकाल लागला तेव्हा त्यांनी मला पुन्हा पुन्हा गुण विचारून घेतले होते. "बरोबर सांगा लागते ना बेटी, तिचा बाप चुकीचं ऐकून घेत नाही."

रेकॉर्डिंगमध्ये यानंतर शकू म्हणते, "मी तर मांगच बसत होती वं. पुढच्या बाकावर तूनंच ओढून बसवलं होतं मले." आणि मग, अगदी हळू, "थे खूश झाले असतील ना?" मी हो म्हणते. माझा तो 'हो' ऐकताना मला अजून खाली पाहावंसं वाटतं. जिच्यापुढे लाज वाटली म्हणून तो सगळा खेळ मांडावा लागला, ती मी. त्या बापाचे सगळे शब्दही माझ्याकडे. आणि ते तिला द्यायला मला एवढा उशीर.

भाग प्रसिद्ध झाला आणि शकूच्या भावाचा, संजूचा फोन आला. कामठीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी तिच्याकडेच होते, तो ओरडत होता ते मलाही ऐकू येत होतं. "बाबाची इज्जत काढली तू! जिते होते तेव्हा कॉलेजात काढली, आता दुनियेत काढून राहिली. काहून सांगतलं? कोणी इचारलं होतं?" गिऱ्हाइकानं त्याला दुकानात येऊन त्याबद्दल विचारलं होतं. शकू फोन ठेवून मला म्हणाली, "लपवलं तेव्हाबी माहंच चुकलं अन् सांगतलं तेव्हाबी." मी खूप समजावलं. ती एवढंच म्हणाली, "काढून टाक वं. भाऊ आहे माहा." मी तो भाग काढला. सुरुवातीची खटखट बाकीच्या भागांत राहिली, पण ती कुठून आली ते आता कुणाला कळणार नव्हतं. संजू त्यानंतर तिच्या घरी आला नाही. आला तो तिला पोचवायलाच.

शकूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले. मी चपला घालत होते तेव्हा संजू जवळ आला. तोही आता पन्नाशी ओलांडलेला, उंच, किडकिडीत, थेट वडिलांसारखा. म्हणाला, "ताई, थो भाग तुमच्यापाशी आहे का? म्या पुरा ऐकला नव्हता. लोकांनी सांगतलं तेवढ्यावरच बोललो."

आतल्या खोलीत मी त्याला फोन दिला. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत बसला. 'तिचा बाप लय बुजरा माणूस आहे' इथे त्यानं थांबवलं. परत ऐकलं. परत. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आमच्याशी तर कधी येवढं बोलले नाही बाबा." थोड्या वेळानं म्हणाला, "मी तिच्यावर काहून चिडलो, सांगू? माहे पोट्टे इंग्लिश मिडियममध्ये होते. पालकांले बोलवत. बाबा म्हणत, मी येऊ का रे? मी म्हणो, तुम्ही काय करता तिथं येऊन, इंग्रजीत राह्यते सगळं. एकदाबी नेलं नाही." त्यानं फोन माझ्या हातात दिला. "तिनं तर त्याहिले दारात उभं तरी राहू देलं. म्या तर घरूनच निघू देलं नाही."

शकूला हे ऐकायला मिळायला हवं होतं. एवढं एकच वाक्य, भावाच्या तोंडून, जिवंतपणी. ते मिळालं नाही आणि आता मिळण्याची काही सोय नाही. संजूनं विचारलं, भाग पुन्हा लावता येईल का. मी म्हटलं, लावू, पण तुमचंही बोलणं हवं.

गेल्या आठवड्यात तो बेश्याला आला. शकू रेकॉर्डिंगच्या आधी घरभर फिरून पंखे बंद करायची आणि सगळ्यात शेवटी फ्रीज, कारण त्याची गुणगुण मागे ऐकू येते. चालू करायला मात्र हटकून विसरायची. मग दुसऱ्या दिवशी दूध नासलेलं, भाऊजींची कटकट आणि तिचं पनीर करणं. मी माईक लावत होते. भाऊजी न सांगता उठले, पंखे बंद केले, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजचं बटण खाली केल्याचा आवाज आला. घर एकदम शांत झालं. संजूनं घसा साफ केला. मी प्रश्न विचारला. तो पाणी प्यायला आणि बोलायला लागला. खूप वेळ बोलला. संपलं तेव्हा तिघंही तसेच उठलो आणि मी त्याच्याच गाडीवर घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला.

"मीनाताई, दूध नासलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बरं वाटलं."